नवी साथ की दरवर्षीचा फ्लू? पुण्यातल्या दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर एखाद्या नव्या विषाणूचं नाव आलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या दवाखान्यात दोन वाक्यं ऐकू येतात. काही जण विचारतात, "डॉक्टर, परत लॉकडाऊन लागणार का?" आणि काही जण म्हणतात, "साधा फ्लूच तर आहे, उगाच घाबरवतात." सिंहगड रस्त्यावर फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना २००९ चा स्वाइन फ्लू आणि २०२० चा कोविड मी इथंच बसून पाहिला. दोन्ही वेळा मला जास्त त्रास झाला तो दुसऱ्या वाक्याचा, कारण त्यात नवी साथही हलक्यात घेतली जाते आणि फ्लूही. ओपीडीच्या गर्दीत नीट बोलणं होत नाही, म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथं लिहून ठेवतो आहे.

साधा फ्लू म्हणजे नक्की काय?

आपण पावसाळ्यातल्या प्रत्येक शिंकेला "व्हायरल" किंवा "फ्लू" म्हणतो. त्यातलं बरंचसं साधं सर्दी-पडसं असतं आणि ते करणारे विषाणू वेगळे असतात. खरा फ्लू इन्फ्लुएंझाच्या ए आणि बी प्रकारच्या विषाणूंनी होतो आणि तो हळूहळू येत नाही. सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो तो १०२-१०३ ताप, मोडून आलेलं अंग, डोळ्यांमागे ठणका आणि कोरडा खोकला घेऊनच. सर्दीत माणूस कुरकुरत का होईना, काम करतो. फ्लूत अंथरुणातून उठून बाथरूमपर्यंत जायचं जिवावर येतं.

बहुतेक लोक आठवड्याभरात बरे होतात, हे खरंच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी साधारण १०० कोटी लोकांना फ्लू होतो, ३० ते ५० लाख लोक गंभीर आजारी पडतात आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख लोक त्यातून उद्भवलेल्या श्वसनाच्या त्रासानं दगावतात. हे मोठी साथ नसलेल्या, नेहमीच्या वर्षाचे आकडे. त्यात हृदयाचे झटके धरलेले नाहीत. कॅनडातल्या एका अभ्यासात (तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला) फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं होतं. अशा मृत्यूच्या दाखल्यावर बहुतेक वेळा फ्लूचा उल्लेखही नसतो. "आजोबा श्रावणात हार्टनं गेले" एवढंच घरच्यांच्या लक्षात राहतं. आठ दिवस आधी नातवाचा ताप त्यांना आला होता, हे कोणी जोडून पाहत नाही.

मग नवी साथ त्याहून वाईट कशी? शेवटी तोही विषाणूच ना?

फरक विषाणूत आहे, तितकाच आपल्या शरीरात आहे. दरवर्षीचा फ्लू गावात शिरतो तेव्हा बहुतेकांची त्याच्याशी, किंवा त्याच्या भावकीतल्या कुठल्यातरी विषाणूशी, आधी गाठ पडलेली असते. शरीर त्याला अर्धवट का होईना, ओळखतं. काहींना लागण होतच नाही, काहींना झाली तरी दोन दिवसांत निभावते. नव्या विषाणूला मात्र सगळं शहर कोरं मिळतं. कोणाच्याच शरीरानं त्याला पाहिलेलं नसतं.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते हिशेबानं पाहू. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, पण प्रमाण अवास्तव नाही. दहा लाख वस्तीचं शहर घ्या. नेहमीच्या हंगामात शंभरातल्या दहा जणांना फ्लू झाला, म्हणजे एक लाख आजारी. हजारात एक दगावला तर १०० मृत्यू, तेही चार महिन्यांत विखुरलेले. आता त्याच शहरात नवी साथ आली. प्रतिकारशक्ती कोणाकडेच नाही, म्हणून शंभरातल्या चाळीस जणांना लागण झाली, म्हणजे चार लाखांना. हजारात पाच दगावले तर २,००० मृत्यू. एकेका रुग्णाचा धोका पाचपट झाला, पण शहरातले मृत्यू वीसपट झाले. आणि हे सगळं सहा-आठ आठवड्यांत.

खरी अडचण या सहा-आठ आठवड्यांतच आहे. चार लाखांतल्या शंभरामागे तिघांना जरी ॲडमिट करावं लागलं, तरी १२,००० जणांना खाट लागते. एवढ्या थोड्या आठवड्यांत तेवढ्यांना पुरतील इतक्या खाटा कुठल्याही शहरात रिकाम्या नसतात. मग हजारात पाच हा दरही तसा राहत नाही, कारण ऑक्सिजन मिळाला असता तर वाचला असता असा माणूसही जातो. त्याच दिवसांत ज्याला हार्ट अटॅक येतो, ज्या बाईचं बाळंतपण अडतं, ज्याचा नवले पुलावर अपघात होतो, त्यांनाही खाट मिळत नाही. ही माणसं साथीच्या आकड्यात कधीच मोजली जात नाहीत.

एप्रिल २०२१ मध्ये पुण्यानं हे सोसलं आहे. एका पन्नाशीच्या पेशंटसाठी मी रात्री नऊपासून फोन लावत बसलो होतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा त्याची बायको दर अर्ध्या तासानं मला कळवत होती: ८९, ८८, ८६. पहाटे साडेचारला शहराबाहेर एक ऑक्सिजनची खाट मिळाली. तो वाचला. त्याच रात्रीच्या यादीतले आणखी दोघे वाचले नाहीत. फ्लूच्या कुठल्याही हंगामात मला अशी रात्र काढावी लागलेली नाही.

नुसती टक्केवारी सांगा ना. शंभरातले किती जातात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि साथीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याचं खात्रीचं उत्तर कोणाकडेच नसतं. कारण मृत्यू मोजता येतात, पण एकूण किती जणांना लागण झाली ते मोजता येत नाही.

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी महापालिकेच्या मदतीनं रुग्णसंख्या जास्त असलेल्या पाच प्रभागांत लोकांचं रक्त तपासलं. येरवडा, कसबा पेठ-सोमवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी असे दाट वस्तीचे हे भाग होते. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात कोविडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे तिथल्या निम्म्याहून जास्त लोकांना कोविड होऊन गेला होता आणि त्यातल्या बहुसंख्यांची नोंद कुठंच नव्हती. मृत्यूंना नोंद झालेल्या रुग्णांच्या संख्येनं भागून जो दर रोज छापून येत होता, तो खऱ्यापेक्षा बराच मोठा होता. उलट्या बाजूनंही चूक होते. साथ नुकती सुरू झालेली असते तेव्हा आज पॉझिटिव्ह आलेल्यांतले जे पुढच्या तीन आठवड्यांत जाणार असतात, ते अजून जिवंतांत मोजलेले असतात.

दुसरी गोष्ट वयाची. लस येण्याआधीच्या कोविडमध्ये, परदेशांतल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबानुसार, लागण झालेल्यांपैकी मृत्यूचं प्रमाण पंचविशीत साधारण ०.०१ टक्के, ५५ व्या वर्षी ०.४, ६५ व्या वर्षी १.४ आणि ७५ व्या वर्षी ४.६ टक्के होतं. ज्या घरात कॉलेजातला नातू आणि पंचाहत्तरीची आजी एकाच ताटलीतली पोळी तोडून खातात, त्या घराला "सरासरी एक टक्का" हा आकडा काहीच सांगत नाही. नातवाला "तुला काय होतंय" म्हणणारे त्याच्या आजीचा हिशेब करत नाहीत.

जेवढा आजार जीवघेणा, तेवढी साथ मोठी, असं असतं का?

नसतं. २००२-०३ च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत दहातला साधारण एक रुग्ण दगावला. तरीही जगभरात मिळून रुग्ण ८,०९६ आणि मृत्यू ७७४ एवढ्यावर तो थांबला. सार्सचा रुग्ण प्रामुख्यानं आजारी दिसायला लागल्यावर इतरांना लागण करायचा. ताप आलेल्याला वेगळं ठेवलं की साखळी तुटत होती. कोविडचा विषाणू त्याच कुळातला, मृत्यूचं प्रमाण खूप कमी, पण तो लक्षणं दिसण्याआधीच पसरायचा. लक्ष्मी रोडवर खरेदी करणाऱ्या धडधाकट माणसाला वेगळं कसं ठेवणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात एरवीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त झाले.

फ्लूही लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून पसरतो. म्हणूनच नव्या फ्लूची धास्ती वाटते.

२००९ मध्ये पुण्यानं एवढा गोंधळ घातला आणि शेवटी तो फ्लूच निघाला. घाबरलो ते चुकलंच ना?

नाही, चुकलं नाही. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूनं देशात झालेला तो पहिला मृत्यू. दुसऱ्याच दिवसापासून महापालिकेच्या नायडू या साथरोगांच्या हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या. तपासणी तेव्हा एनआयव्हीसारख्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) मोजक्याच सरकारी प्रयोगशाळांत व्हायची. शाळा-कॉलेजं आणि थिएटरं काही दिवस बंद झाली. मेडिकलच्या दुकानांतले मास्क संपले, तेव्हा लोक तिपेडी रुमाल बांधून स्कूटरवर फिरायला लागले. कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी करून हुंगत बसलेली माणसं माझ्या वेटिंग रूममध्ये रोज दिसायची. एक आई मुलाला पाठीवर घेऊन आली होती. मुलाला ताप नव्हता, खोकला नव्हता, शेजारच्या बाकावरचा मुलगा शिंकला होता एवढंच.

आज मागं वळून पाहिलं तर त्या साथीतले जगभरातले पहिल्या वर्षाचे मृत्यू अंदाजे दीड लाख ते पावणेसहा लाख, म्हणजे आकडा दरवर्षीच्या फ्लूच्या आसपासचाच. मग फरक काय? दरवर्षीच्या फ्लूत जाणारे बहुतेक म्हातारे असतात. २००९ मध्ये गेलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के ६५ वर्षांखालचे होते. वयस्कर लोकांची लहानपणी त्या विषाणूच्या जुन्या नातलगाशी गाठ पडली होती, त्यामुळे ते बरेचसे बचावले. तरुण, लहान मुलं, गरोदर बायका सापडल्या. मृतांची नुसती संख्या मोजली तर दोन्ही सारखे दिसतात. गमावलेली वर्षं मोजली तर दिसत नाहीत.

आणि तो सौम्य निघेल हे ऑगस्टमध्ये कोणाला ठाऊक होतं? एप्रिलमध्ये मेक्सिकोतून आलेल्या पहिल्या बातम्या फार वाईट होत्या. माहिती अपुरी असताना सावध राहिलेल्या माणसाला नंतर हसणं मला पटत नाही.

स्वाइन फ्लू आता गेला ना?

गेला नाही, मुक्कामाला राहिला. २००९ चा एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमध्येच मोडतो. नव्या साथीचा आणि हंगामी फ्लूचा संबंध असा आहे: कालची साथ हाच आजचा "साधा फ्लू".

मधल्या एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. माझे एक जुने पेशंट, साठी ओलांडलेले, बसवर कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बऱ्याच वर्षांचा मधुमेह. पाच दिवस ताप अंगावर काढला. मेडिकलमधून "तापाच्या" गोळ्या आणि एक अँटिबायोटिक घेत होते. सहाव्या दिवशी मुलानं रिक्षातून आणलं, तेव्हा तीन शब्द बोलले की श्वास घ्यायला थांबत होते. "डॉक्टर... काल पर्यंत... बरा होतो." नखं निळसर पडली होती. मी हात धरला तो गार लागला. रिपोर्ट एच१एन१ चा आला, पण तोपर्यंत दोन्ही फुप्फुसं धरली होती. दहाव्या दिवशी ते गेले. त्यांचा मुलगा मला परत परत विचारत होता, "पण स्वाइन फ्लू तर संपला होता ना?"

आमची आजी "मानमोडी" म्हणायची, ते काय होतं?

१९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबई बंदरातून शिरला, पहिली लाट तशी हलकी गेली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट भयंकर ठरली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, अन्नाची टंचाई होती. देशात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान माणसं गेली असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. जनगणनेच्या इतिहासात भारताची लोकसंख्या कमी झालेलं एकच दशक आहे, १९११ ते १९२१.

त्या साथीत वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसं सर्वांत जास्त गेली. घरात म्हातारे आणि पोरं उरली. फ्लूचा विषाणू या थराला जाऊ शकतो, हे ठाऊक असल्यामुळेच कुठंही नव्या फ्लूची कुणकुण लागली की सगळे कान टवकारतात.

विषाणू "नवा" होतो म्हणजे काय होतं?

फ्लूचा विषाणू दोन तऱ्हांनी बदलतो. एक बदल बारीकसारीक आणि सतत चालणारा. स्वतःची नक्कल काढताना त्याच्या हातून चुका होतात आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचा चेहरा थोडा बदलतो. म्हणून लस दरवर्षी नवी लागते.

दुसरा बदल एकदम होतो. त्याचा जनुकीय ऐवज आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच प्राण्याच्या एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले, तर पत्ते पिसावेत तसे हे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि आतापर्यंत माणसाला न भेटलेला विषाणू बाहेर पडतो. डुकराला पक्ष्यांचाही फ्लू होतो आणि माणसाचाही, म्हणून ही सरमिसळ त्याच्यात सहज होऊ शकते. १९५७ आणि १९६८ च्या साथी पक्ष्यांच्या विषाणूचे तुकडे मिसळून आल्या. त्या प्रत्येकीत जगभरात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली.

सध्या शास्त्रज्ञांचं लक्ष आहे ते एच५एन१ या बर्ड फ्लूवर. महाराष्ट्राला तो नवा नाही. भारतातल्या कोंबड्यांमधला त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता. २००३ पासून जगात नऊशेहून जास्त माणसांना त्याची लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यातली साधारण निम्मी दगावली. २०२४ मध्ये तो अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये सापडला. माणसाकडून माणसाकडे तो सहजासहजी पसरत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळं टिकून आहे.

मग चिकन, अंडी खाऊ का?

नीट शिजवलेली खा. कच्चं मांस कापलेली सुरी आणि फळी धुऊन मगच कोशिंबिरीला वापरा. डुकराचं मांस खाल्ल्यानं स्वाइन फ्लू होत नाही.

एनआयव्ही पुण्यात आहे, म्हणून इथं विषाणू जास्त सापडतात का?

सापडतात जास्त, कारण शोधले जातात जास्त. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. अतिधोकादायक विषाणूंवरचं काम पाषाणच्या संकुलातल्या सर्वोच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेत चालतं. २०२० मध्ये कोविडचा विषाणू इथं वेगळा काढला गेला आणि कोव्हॅक्सिन त्याच्यापासून तयार झाली. कोव्हिशिल्ड सीरम इन्स्टिट्यूटच्या इथल्याच कारखान्यात बनली. विषाणू पसरवणारं शहर अशी आपली ओळख सांगणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

कोविड आता फ्लूसारखाच झाला, हे खरं का?

बऱ्याच अंशी. लसीमुळे आणि एक-दोनदा होऊन गेल्यामुळे आता त्याला शहर कोरं मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण "आता फ्लूसारखा झाला" यावरून "तेव्हाही फ्लूसारखाच होता" असं जे म्हणतात, ते मला मान्य नाही. तो सौम्य झाला त्याची किंमत मोजून झाला.

एक जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. कोविडच्या मास्क आणि अंतराच्या काळात जगभरातून फ्लू जवळजवळ नाहीसा झाला होता. इन्फ्लुएंझा बीची यामागाटा नावाची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीनं कुठंच सापडलेली नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ती लसीतून काढून टाकण्याची शिफारस केली आहे. ज्या उपायांनी फ्लू इतका सहज हटला, त्याच उपायांना कोविड पुरून उरला. दोघांच्या पसरण्याच्या ताकदीतला फरक याहून स्पष्ट मी सांगू शकत नाही.

फ्लूची लस घ्यावी का? पुण्यात कधी घ्यायची?

पासष्टीच्या पुढचे, मधुमेह-दमा-हृदय-किडनीचे पेशंट, गरोदर महिला, लहान मुलं (सहा महिन्यांनंतरची) आणि दवाखान्यांत काम करणारे यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांनी घेतली तर चांगलंच.

वेळ महत्त्वाची आहे. इंटरनेटवर "ऑक्टोबरमध्ये लस घ्या" असं वाचून लोक येतात. तो सल्ला थंडीत फ्लू येणाऱ्या देशांचा आहे. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर असतो आणि थंडीत, जानेवारी ते मार्च, एक छोटी लाट येते. म्हणून एप्रिल-मेमध्ये, पालख्या पुण्यात यायच्या आत लस झालेली बरी. शरीर तयार व्हायला दोन आठवडे लागतात.

लस जुळून आलेल्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. लस घेऊनही होऊ शकतो, हो. पण आयसीयूपर्यंत जाण्याची वेळ कमी जणांवर येते, आणि मला काळजी त्याचीच असते.

तीच लस नव्या साथीत चालेल?

थेट नाही. नव्या विषाणूसाठी नवी लस लागते आणि तिला महिने लागतात. मात्र दरवर्षीच्या लसीसाठी चालणारे कारखाने, शीतसाखळी आणि सरावलेल्या नर्स असतील, तरच नवी लस वेगानं दंडापर्यंत पोहोचते.

ताप आला की लगेच स्वॅब द्यायचा का?

सरसकट नाही. सरकारी सूचनांत रुग्णांचे अ, ब, क असे गट केलेले आहेत. साधा ताप, खोकला, अंगदुखी असेल तर घरी विश्रांती, पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ, आणि डॉक्टरशी एक-दोन दिवसांत परत बोलणं. ताप जास्त असेल, किंवा पेशंट वर सांगितलेल्या जोखमीच्या गटातला असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करावं लागू शकतं. दम लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, नखं-ओठ निळे पडणं, ग्लानी, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा, लहान मूल दूध-पाणी घेईनासं होणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ हॉस्पिटल. रविवार असो, रात्र असो.

ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध आणून घरात ठेवू का? आणि अँटिबायोटिक?

ठेवू नका. ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं, पण कोणाला द्यायचं ते तपासून ठरतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही. लहान मुलांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन अजिबात देऊ नका, मेंदू आणि यकृताला इजा होऊ शकते.

काढा, वाफ, कापूर?

आलं-गवती चहा घशाला बरा वाटतो, प्या. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका. भाजलेली पोरं मी पाहिली आहेत. कापरानं विषाणू मरत नाही.

पालखी, गणपती... गर्दीत जायचं की नाही?

नेहमीच्या वर्षी जा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा दर्शनाला जाऊ नका, असं मी कोणालाही सांगणार नाही. ताप-खोकला असेल तर मात्र घरी राहा, आणि घरात केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल तर मास्क लावा.

नवीन साथीत गोष्ट वेगळी. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ज्यांनी पन्नास वर्षं वारी केली, ते वारकरी घरी थांबले. दरवर्षीच्या फ्लूसाठी असा त्याग कोणाकडे मागू नये, आणि नव्या साथीत तो मागायची वेळ आली तर लोकांना विश्वासात घेऊन मागावा. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरं फोडून झडत्या झाल्या. त्याचा संताप इतका होता की लोक रोगी लपवायला लागले आणि चापेकरांनी प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. साथीत लोक दारापर्यंत कोणाला येऊ देतात, हे औषधाइतकंच महत्त्वाचं असतं.

नव्या विषाणूची बातमी आली की तुम्ही स्वतः काय बघता?

आधी तो खरंच नवा आहे का ते बघतो. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूवरून अशीच धावपळ झाली. तो विषाणू २००१ मध्येच ओळखला गेला होता आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून माणसांत होता. शहर कोरं नव्हतं, म्हणून मी पेशंटना शांत राहायला सांगितलं. खरंच नवा असेल तर माणसाकडून माणसाकडे, एका घराबाहेर, पसरतोय का ते बघतो. मग लक्षणांआधी पसरतो का. आणि तिथल्या हॉस्पिटलांत डॉक्टर-नर्स आजारी पडतायत का. मृत्यूचा टक्का मी सगळ्यात शेवटी बघतो.

ताप उतरला, खोकला जात नाही. कामावर कधी जाऊ?

गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप नसेल आणि जिना चढताना दम लागत नसेल, तर जा. खोकल्याची ढास दोन-तीन आठवडे राहू शकते, मास्क लावा. पण एक सांगतो. ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि मग थंडी वाजून परत ताप चढला, खोकल्यातून पिवळा-हिरवा बेडका यायला लागला, तर तो फ्लूचा उरलासुरला ताप समजू नका. फ्लूनं सोललेल्या फुप्फुसात दुसरा जंतू शिरून न्यूमोनिया झालेला असू शकतो, आणि त्यावर मात्र अँटिबायोटिक चालतं. त्याच दिवशी या. अपॉइंटमेंट नसली तरी चालेल.